निळ्या कोपऱ्याचे जुने धनी

पलाऊच्या नैर्ऋत्येला, न्गेमेलिस बेटांच्या बाहेरच्या अंगाला, प्रवाळखडकाचे एक त्रिकोणी टोक खुल्या पॅसिफिकमध्ये पुढे आले आहे. त्याचा माथा पाण्याखाली दहा-पंधरा मीटरवर, बऱ्यापैकी सपाट. माथ्याची कड संपली की भिंत सरळ खाली काळोखात उतरते. भरती-ओहोटीबरोबर सरकणारे पाणी या भिंतीवर येऊन आदळते, त्याला वाट मिळत नाही म्हणून ते वर चढते आणि टोकाला वळसा घालून जोरात पुढे निघते. त्या पाण्याबरोबर प्लवक येते, प्लवकामागे लहान मासे, लहान माशांमागे मोठे, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवून करडे शार्क कडेशी जवळजवळ स्थिर उभे असतात. डायव्हर या जागेला ब्लू कॉर्नर म्हणतात. इथे पोहत जायचे नसते. बोटीतून भिंतीपाशी उतरायचे, पाण्याच्या ओढीवर अंग सोडायचे आणि भिंत एका हाताला ठेवून वाहत जायचे. बोट वरून बुडबुड्यांचा माग काढत येते. टोकाशी पोचल्यावर मेलेल्या खडकाच्या फटीत स्टीलचा आकडा अडकवायचा आणि दीड-दोन मीटर दोरीच्या आधाराने पतंगासारखे ओढीवर तरंगत समोरचा बाजार पाहायचा. ड्रिफ्ट डायव्हिंगसाठी जगभरातून माणसे ज्या मोजक्या जागी येतात, त्यांत हे टोक फार वरच्या क्रमांकावर आहे.

या जागेचा इतिहास साधारण एकाच पद्धतीने सांगितला जातो. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग तयार केले आणि माणूस पाठीवर हवा घेऊन मोकळेपणी पाण्याखाली फिरू लागला. पलाऊत हे यंत्र हौस म्हणून रुजायला आणखी काही दशके गेली. १९७२ मध्ये फ्रान्सिस टोरिबिआँग या पलाऊच्याच माणसाने ‘फिश अँड फिन्स’ सुरू करून तिथल्या डायव्हिंग व्यवसायाचा पाया घातला. त्याने भिंती धुंडाळल्या, दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जहाजे शोधली, आणि पुढच्या वीस वर्षांत या बेटांचे नाव जगभर झाले. यातले काही खोटे नाही. तरीही ही हकीकत अर्ध्यातून सुरू होते, असे माझे म्हणणे आहे. भिंतीवरची बुडी नवी आहे. पण ती ज्या दोन गोष्टींवर उभी आहे त्या स्कूबाच्या टाकीपेक्षा पुष्कळ जुन्या आहेत. पाणी कधी, कुठून, किती जोराने वाहते आणि त्या वेळी मासा कुठे गोळा होतो, याचे ज्ञान ही पहिली. त्या पाण्यातून कोणी काय काढावे आणि कधी काढू नये, हे ठरवण्याचा गावाचा हक्क ही दुसरी. या दोन्ही गोष्टी पलाऊच्या मासेमारांनी आणि गावप्रमुखांनी घडवल्या. डायव्हरला आज तिथे जे दिसते ते दिसण्याइतके शिल्लक राहिले, याचे मोठे श्रेय त्यांचे आहे.

बाहेरच्या माणसांना हीच भिंत आधी कशी दिसली, ते पाहिले तर फरक लगेच कळतो. ऑगस्ट १७८३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे ‘अँटिलोप’ हे जहाज पलाऊच्या पश्चिमेकडच्या प्रवाळखडकावर, उलोंग बेटाजवळ फुटले. कॅप्टन हेन्री विल्सन आणि त्याचे खलाशी किनाऱ्याला लागले. कोरोरच्या इबेदुलने, म्हणजे तिथल्या मुख्य प्रमुखाने, त्यांना सांभाळले. फुटक्या जहाजाच्या सामानातून त्यांनी नवे गलबत बांधले आणि ते परत निघाले, तेव्हा इबेदुलचा मुलगा ली बू त्यांच्यासोबत गेला. लंडनमध्ये देवी येऊन तो १७८४ च्या डिसेंबरात वारला. ही दुःखद बातमी पलाऊला कळवण्यासाठी कंपनीने जी जहाजे पाठवली ती मुंबईहून निघाली होती. ऑगस्ट १७९० मध्ये बॉम्बे मरीनचा जॉन मॅक्लुअर ‘पँथर’ आणि ‘एंडेव्हर’ घेऊन मुंबईतून निघाला आणि जानेवारी १७९१ मध्ये कोरोरला पोचला. त्याआधीची काही वर्षे हाच माणूस आपल्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी करत होता. पुढे १७९३ मध्ये त्याने चाकरी सोडली आणि सव्वा वर्षाच्या आसपास तो पलाऊत राहिला. दर्यावर्दी नजरेला प्रवाळाची कड म्हणजे जहाज फोडणारी रेघ; नकाशावर ती काढायची ती तिच्यापासून लांब राहता यावे म्हणून. कोरोरच्या होडीतल्या माणसाला तीच कड म्हणजे कामाची जागा होती. कोणत्या वाटेने कोणत्या पाण्यावर आत-बाहेर करायचे, हे त्याला माहीत असणे भागच होते. नाहीतर घरी चूल पेटली नसती.

हे ज्ञान किती खोल होते, याचा लेखी पुरावा बराच उशिरा मिळाला, आणि तो मिळाला एका शास्त्रज्ञाच्या नम्रतेमुळे. रॉबर्ट जोहान्स हे सागरी जीवशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात पलाऊत राहिले आणि प्रयोगशाळेऐवजी त्यांनी मासेमारांच्या होड्या गाठल्या. न्गेरेम्लेंगुईचा न्गिराक्लांग हा जुना जाणता मासेमार त्यांचा मुख्य गुरू झाला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले जोहान्स यांचे ‘वर्ड्स ऑफ द लगून’ हे पुस्तक म्हणजे या शिकवणीची नोंद आहे. कोणता मासा कोणत्या तिथीला, कोणत्या खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला जमतो, हे पलाऊच्या मासेमारांना इतक्या जातींबद्दल ठाऊक होते की जगभरच्या शास्त्रीय लिखाणात तोवर तेवढ्या जातींची नोंदही नव्हती. जोहान्स यांनी या गोष्टी ऐकून सोडल्या नाहीत. तपासल्या आणि त्यातून सिद्धान्त मांडला. गोब्रे, तांबोशी, पोपटमासे हे कडेच्या टोकांवर आणि प्रवाळातल्या खिंडींत का जमतात? तिथे बाहेर जाणारे पाणी अंडी पटकन खोल समुद्रात घेऊन जाते आणि खडकातली हजारो भुकेली तोंडे त्यांच्यापासून लांब राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास का? कारण उधाणाच्या दिवसांत ओढ सर्वांत जोराची असते. आपल्या किनाऱ्यावरही उधाण आणि भांग यांचा हिशेब न धरता कोणी जाळे टाकत नाही, तेव्हा मराठी वाचकाला यात चमत्कार वाटायचे कारण नाही. मात्र पलाऊच्या माणसाने तो हिशेब माशाच्या जातीगणिक, जागेगणिक आणि महिन्यागणिक बांधला होता, ही गोष्ट विलक्षण आहे.

प्रवाहाच्या ज्ञानाचे सर्वांत नेमके उदाहरण मात्र पलाऊच्या अगदी दक्षिणेकडच्या तोबी या एकाकी बेटावरून येते. समुद्राचा प्रवाह बेटावर येऊन फुटतो तेव्हा समोर एक मंद पाण्याचा पट्टा तयार होतो, दोन्ही बाजूंना खळबळीचे पट्टे सुटतात आणि बेटाच्या पाठीमागे पुन्हा शांत, भोवऱ्याचे पाणी राहते. तोबीचे मासेमार या प्रत्येक पट्ट्याला वेगळे ओळखत आणि बेट नजरेआड गेले तरी पाण्याच्या पृष्ठभागावरून आपण कुठे आहोत हे सांगत. जोहान्स यांनी ते सगळे तपशिलाने लिहून ठेवले आहे. आता ब्लू कॉर्नरवर बोट नेणारा माणूस काय करतो ते पाहा. भिंतीच्या कोणत्या बाजूला माणसे उतरवायची, हे तो त्या तासाच्या ओढीची दिशा पाहून ठरवतो. भरतीच्या वेळी एक बाजू, ओहोटीच्या वेळी दुसरी. टोकाशी पाणी कुठे फाटते, कुठे वर उसळते आणि कुठे खाली दाबते, यावर त्याच्या माणसांचा जीव अवलंबून असतो. वेळापत्रकातला आकडा पुरत नाही, कारण बाहेरचा महासागरी प्रवाह भरतीच्या गणिताला कधी साथ देतो, कधी आडवा येतो. शेवटी पाण्याकडे बघूनच निर्णय घ्यावा लागतो. हे काम तोबीच्या मासेमाराचेच आहे, फक्त होडीला इंजिन आले आणि गळाच्या जागी माणूस आला. गेल्या काही वर्षांत तर पलाऊतले डायव्हिंगवाले तिथीप्रमाणे खास बुड्या विकू लागले आहेत: पौर्णिमेच्या सुमाराला दक्षिणेकडच्या कडेवर हजारोंनी जमणाऱ्या तांबोशी पाहायला, अमावास्येच्या सुमाराला टकरीबाज पोपटमाशांची झुंड पाहायला. जोहान्स यांनी मासेमारांकडून जमवलेल्या ज्ञानाचाच हा नवा उपयोग आहे.

ज्ञान असले म्हणजे संयम येतोच असे नाही. मासा कधी कुठे जमतो हे नेमके माहीत असणारा माणूस एका आठवड्यात तो संपवूही शकतो. म्हणून दुसरी गोष्ट, हक्काची, तितकीच महत्त्वाची ठरते. पलाऊत गावाची हद्द किनाऱ्यावर संपत नसे. खाजण, लगून आणि प्रवाळाची बाहेरची कड इथपर्यंतचे पाणी त्या त्या गावाचे असे. परक्या गावच्या माणसाला तिथे मासेमारी करायची तर विचारावे लागे. आणि प्रमुखांच्या सभेला कोणत्याही जागेवर किंवा जातीवर ‘बुल’ पुकारता येई. बुल म्हणजे ठरावीक काळासाठी पूर्ण बंदी, आणि ती मोडणाऱ्याला दंड. मालकी आणि बंदी या दोन्ही एकमेकींशिवाय लंगड्या आहेत. ज्या पाण्यात उद्या दुसराच कोणी येऊन जाळे टाकणार, तिथे आज हात आखडता घेण्यात शहाणपण कसले? गावाला हक्क होता म्हणूनच गावाला उद्याचा विचार परवडत होता.

ही घडी विस्कटली ती बाहेरच्या सत्तांच्या काळात. स्पेनने १८९९ मध्ये ही बेटे जर्मनीला विकली. आंगाउर बेटावर फॉस्फेट सापडले, १९०९ पासून खाणकाम सुरू झाले, आणि जहाजांची वाट जवळची व्हावी म्हणून जर्मनांनी नैर्ऋत्येच्या प्रवाळात एक खिंड पाडली. आज तिला जर्मन चॅनेल म्हणतात आणि मँटा या अवाढव्य पाकटी तिथे अंग साफ करून घ्यायला येतात. १९१४ मध्ये जपान आला. १९३० च्या दशकाच्या मध्यात कोरोरमध्ये जपान्यांनी उष्ण कटिबंधीय जीवशास्त्राचे संशोधन केंद्र उभारले. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालावरचे फार मोलाचे काम तिथे झाले, आणि जगाच्या प्रवाळशास्त्रात त्या केंद्राला मानाचे स्थान आहे. पण त्याच वर्षांत ओकिनावाचे मासेमार मोठ्या संख्येने पलाऊत आले, मोत्याच्या शिंपल्यांसाठी आराफुरा समुद्रात जाणाऱ्या जपानी जहाजांचा तळ इथे पडला आणि कोरोरमध्ये पलाऊकरांपेक्षा जपानीच जास्त झाले. गावाच्या पाण्यावरचा गावाचा हक्क सरकारी कागदावर राहिला नाही, व्यवहारात क्षीण झाला. १९४४ मध्ये पेलेलिऊ बेटावर भयंकर लढाई झाली. युद्धानंतर अमेरिकेचा कारभार आला, आणि त्याच्याबरोबर रोख पैसा, बोटीची इंजिने, बर्फाच्या पेट्या, पाण्याखालचे टॉर्च. रात्री झोपलेला मासा टॉर्चच्या उजेडात भाल्याने टिपणे सोपे झाले आणि कोरोरच्या बाजारात त्याला रोज गिऱ्हाईक मिळू लागले. प्रमुखाचा शब्द पूर्वीइतका चालेना. १९८० च्या दशकात हाँगकाँगकडे जिवंत गोब्रे पाठवणारा धंदा येऊन गेला, आणि गोब्रे जमण्याची निदान एक जागा त्यात ओस पडली. डायव्हिंगला बहर येत होता तो याच काळात. म्हणजे पलाऊच्या भिंतींची कीर्ती वाढत असताना त्यांच्यावरची जुनी राखण मात्र ढिली होत होती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की मासेमाराने भिंत कधी पाहिलीच नाही. त्याची नजर माथ्यापर्यंत, फार तर दमात जाता येईल तेवढ्या खोलीपर्यंत. तीस मीटरवरचे समुद्रपंखे, गुहा, शार्कांचे वागणे हे स्कूबाशिवाय कोणाला कळणार होते? आक्षेप खरा आहे आणि त्याचे वजन मी कमी करत नाही. भिंतीचे सौंदर्य हा विसाव्या शतकाचा शोध आहे. टोरिबिआँग आणि त्याच्या मागून आलेल्यांनी धोका पत्करून त्या जागा शोधल्या, आणि ओढीत खडकाला हात न लावता थांबण्यासाठी आकड्याची युक्ती पलाऊतच रुजली. तिच्यामुळे हजारो हातांनी मोडली असती ती पोवळी वाचली. पण भिंत सुंदर असणे आणि भिंतीवर मासा असणे या निराळ्या गोष्टी आहेत. उष्ण समुद्रांत सरळ उतरणाऱ्या भिंती पुष्कळ आहेत. समुद्रपंखेही पुष्कळ ठिकाणी आहेत. जिथे मोठा मासा उरला नाही तिथे ओढ तीच असून बुडी रिकामी जाते. ब्लू कॉर्नरला माणसे येतात ती तिथल्या शार्कांसाठी, झुंडीने फिरणाऱ्या माशांसाठी आणि माणसाएवढ्या नेपोलियन माशासाठी. हे प्राणी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथे का उरले, हा प्रश्न डायव्हरच्या शोधाने सुटत नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो अधिक टोकदार आहे. बुल म्हणजे निसर्गरक्षण नव्हे, असे ते म्हणतात. प्रमुखाच्या घरची मेजवानी, मृत्यूनंतरचा विधी, किंवा नुसता आपला वचक दाखवणे, यासाठी बंदी पुकारली जाई. जुन्या लोकांना आजच्या पर्यावरणवाद्याचे कपडे चढवणे हा भाबडेपणा आहे. मला वाटते, या आक्षेपात हेतू आणि परिणाम यांची सरमिसळ होते. मेजवानीसाठी राखलेली खिंड चार महिने बंद राहिली तर गोब्र्याच्या दृष्टीने कारण काहीही असो, त्याला अंडी घालायला चार महिने मिळतात. शिवाय हेतूबद्दलही हा आक्षेप पुरता टिकत नाही. जोहान्स यांनी दाखवले आहे की समुद्र आटू शकतो, मासा संपू शकतो, ही जाण या बेटांवर होती. चहूबाजूंनी पाणी आणि मोजकी जमीन असलेल्या माणसांना तुटवडा हा कल्पनेचा विषय नव्हता. तो त्यांनी भोगला होता, आणि नियम त्यातून आले. कोणताही समाज आपले चांगले नियम सहसा टंचाईतूनच शिकतो. त्यामुळे त्या नियमांचे मोल कमी होत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. जुनी घडी मोडली होती, हे मीच वर मान्य केले. मग भिंत वाचवली ती पर्यटकाच्या डॉलरने, असे का म्हणू नये? २००९ मध्ये पलाऊने आपल्या सगळ्या समुद्रात शार्कच्या व्यापारी मासेमारीवर बंदी जाहीर केली, जगात सर्वांत आधी. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या अभ्यासाने हिशेब मांडला: शार्क पाहायला येणाऱ्यांमुळे पलाऊला वर्षाला सुमारे १.८ कोटी डॉलर मिळतात, देशाच्या उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास. डायव्हिंगच्या जागांवर नेहमी दिसणारा एकेक शार्क त्याच्या आयुष्यात १९ लाख डॉलरचा ठरतो, तर तिथले शंभरेक शार्क पकडून विकले असते तर हाती १०,८०० डॉलरच आले असते. हा युक्तिवाद जगभर गाजला आणि इतर देशांनाही त्याने शार्कबंदीकडे वळवले. मी त्याला विरोध करत नाही. पण तारखा पाहा. उलोंगजवळच्या न्गेरुमेकाओल खिंडीत गोब्र्यांच्या हंगामात मासेमारी बंद करण्याचा कायदा पलाऊच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये केला. तेव्हा डायव्हिंगचा धंदा जेमतेम पायावर उभा होता, शार्कची किंमत कोणी काढली नव्हती, आणि गोब्र्याला पाहायला कोणी विमानाने येत नव्हते. १९९४ मध्ये न्गार्चेलोंग आणि कायांगेल या उत्तरेकडच्या राज्यांच्या प्रमुखांनी आठ खिंडी एप्रिल ते जुलै बंद केल्या. ती बंदी बुल म्हणूनच पुकारली गेली. पर्यटकांची गर्दी दक्षिणेत होती, उत्तरेत नव्हती. त्याच वर्षी राष्ट्रीय पातळीवर सागरी संरक्षणाचा कायदा झाला: एप्रिल ते जुलै गोब्रे पकडायला-विकायला बंदी, आणि स्कूबाची टाकी लावून मासे मारायला कायमची बंदी. महिने कोणी निवडले? तेच महिने गावोगावचे मासेमार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. डॉलरने पुढे या नियमांना बळ दिले, राखणदारांच्या बोटीत डिझेल भरले, हे खरे. पण नियमांचा साचा आधी होता आणि तो गावाचा होता. जिथे असा साचा नव्हता, अशा कितीतरी उष्ण समुद्रांत पर्यटकाचा पैसा आला आणि भिंती तरीही रिकाम्या झाल्या.

जुन्या ज्ञानाने आणि जुन्या हक्काने सगळे सांभाळले जाते, असे मात्र म्हणता येत नाही, आणि तसे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पेलेलिऊच्या टोकाजवळ जपानी पर्यटकांचा एक लहान गट त्यांच्या मार्गदर्शकासह ओढीने खुल्या समुद्रात नेला. कोणीही जिवंत सापडले नाही. पाणी वाचता येणाऱ्या माणसांच्या देशातही ओढ आपली ताकद दाखवते, आणि आज प्रत्येक डायव्हरजवळ फुगवून वर सोडायचा लांबट रंगीत फुगा असतो, त्यामागे अशा मृत्यूंचे ओझे आहे. १९९८ मध्ये समुद्राचे पाणी तापले आणि पलाऊच्या प्रवाळाचा मोठा भाग पांढरा पडून मेला. कोणत्याही प्रमुखाचा बुल त्या उष्णतेला अडवू शकत नव्हता. तिची काही कारणे हजारो मैल दूरच्या चिमण्यांतून निघालेली होती. पुढच्या दशकभरात बाहेरच्या उतारांवर प्रवाळ पुन्हा चांगला वाढला. शैवाल खाऊन खडक स्वच्छ ठेवणारे मासे तिथे शिल्लक असणे, हे प्रवाळ सावरण्याच्या कारणांपैकी एक मानले जाते. ते शिल्लक राहण्यात जुन्या राखणीचा हातभार असणार, असे मला वाटते. पण तापमान असेच चढत राहिले तर एवढ्यावर भागणार नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे.

शेवटी प्रश्न येतो तो धन्याचा. पलाऊच्या राज्यघटनेचा अंमल १९८१ मध्ये सुरू झाला. देश पूर्ण स्वतंत्र व्हायला १ ऑक्टोबर १९९४ उजाडला. घटनेच्या पहिल्याच कलमात एक तरतूद आहे, तिच्याकडे डायव्हिंगच्या इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. पारंपरिक आधाररेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंतची सगळी सजीव-निर्जीव संपत्ती, दूरवर भटकणारे मोठे मासे वगळता, त्या त्या राज्याच्या मालकीची आहे. ही राज्ये म्हणजे सोळा लहान-लहान घटक, बहुतेक जुन्या गावसंघांच्या पायावर उभे. म्हणजे चार परकीय सत्तांच्या काळात कागदावरून पुसला गेलेला हक्क पलाऊकरांनी हाती लेखणी येताच घटनेत परत लिहिला. प्रमुखांची परिषद राष्ट्रपतींना परंपरेच्या बाबतीत सल्ला देईल, हेही त्याच घटनेत आहे. २०१५ चा राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा कायदा, ज्याने २०२० पासून देशाच्या सागरी क्षेत्राचा ८० टक्के भाग, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, मासेमारीला बंद केला, तो जगाला माहीत आहे. २०१७ पासून पासपोर्टवर उमटणारी आणि पाहुण्याने सही करायची प्रतिज्ञाही गाजली. पण न्गेमेलिसची भिंत दूरच्या महासागरात नाही. ती किनाऱ्यालगतच्या पाण्यात, कोरोर राज्याच्या हद्दीत येते. तिथल्या मासेमारीवरची बंदी १९९० च्या दशकात कोरोरनेच घातली, युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या रॉक आयलंड्सच्या लगूनची व्यवस्था कोरोरच पाहते, आणि ब्लू कॉर्नरवर उतरणाऱ्या प्रत्येकाला परवाना घ्यावा लागतो तोही कोरोरचा. त्या पाण्यात गस्त घालणारे राखणदार कोरोर राज्याचे नोकर आहेत. परवाना नसेल तर बोट अडवण्याचा अधिकार त्यांना आहे. १७८३ मध्ये फुटलेल्या जहाजाच्या खलाशांना ज्याने आपल्या पाण्यात राहू दिले, तो इबेदुल याच कोरोरचा होता, आणि ती पदवी आजही चालू आहे.